फ्रिक्वेन्सी: अण्णांची, लेकीची आणि लोकलची

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार.

मी ऐरोलीत राहते आणि घरीच नववी-दहावीच्या मुलांचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. गेल्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, "टीचर, गणितात वारंवारता आहे आणि विज्ञानात वारंवारिता आहे. दोन्हींना फ्रिक्वेन्सीच म्हणतात ना? मग एकीकडे उत्तर 'सात विद्यार्थी' येतं आणि दुसरीकडे '२५६ हर्ट्झ', असं कसं?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. रात्री जेवताना विषय काढला, तर घरातच जुंपली. सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) वीज खात्यातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, फ्रिक्वेन्सी म्हणजे पन्नास, बाकी सगळं पुस्तकी. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. तिच्याकडे फ्रिक्वेन्सी टक्क्यांत असते. नवरा रोज लोकलने ठाण्याला जातो. तो म्हणतो, लोकलची फ्रिक्वेन्सी दहा मिनिटं.

मला एकच व्याख्या हवी आहे, जी मुलांना सांगता येईल आणि घरातही टिकेल.

आणखी एक. मुलीच्या वर्गाने येऊरला जाऊन एक-एक मीटरच्या २० चौकटी टाकल्या होत्या. त्यांतल्या १२ चौकटींत टाकळा सापडला, रोपं एकूण ९०. तिने फ्रिक्वेन्सी '६० प्रति चौ.मी.' लिहिली आणि मॅडमनी दोन गुण कापले. ती म्हणते आकडा तर बरोबर आहे. तिने गुण मागायला जावं का?

– एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई, नमस्कार.

घरातली जुंपलेली आधी सोडवतो. अण्णा बरोबर आहेत, मुलगी बरोबर आहे, आणि तुमचे मिस्टरही जवळजवळ बरोबर आहेत, त्यांनी आकडा फक्त उलटा धरलाय. एकच व्याख्या मात्र मी देणार नाही. सगळीकडे लागू पडेल अशी व्याख्या करायची तर ती इतकी पातळ होते की परीक्षेत तिचा उपयोग नाही आणि जेवणाच्या टेबलावर तर त्याहून नाही. ती अशी: एखादी गोष्ट किती वेळा. संपलं. खरी गंमत पुढच्या प्रश्नात असते. कशात किती वेळा? एका सेकंदात? शंभरांत? सेंटीमीटरभर अंतरात? की कशातच नाही, नुसतीच मोजदाद? प्रत्येक शास्त्राने अंश तोच ठेवला आणि छेद आपापल्या सोयीचा घेतला. म्हणून मुलांना व्याख्येऐवजी छेद विचारायची सवय लावा.

हे फळ्यावर सांगू नका. क्लास सुटल्यावर दोघातिघांना सोसायटीच्या गेटवर उभं करा आणि पंधरा मिनिटं गाड्या मोजायला लावा: रिक्षा, दुचाकी, कार, बाकीच्या. समजा एकूण १२० गाड्या गेल्या आणि त्यांत ४५ रिक्षा होत्या. गणिताच्या वहीत रिक्षाची वारंवारता ४५. चार उभ्या रेघा मारून पाचवी तिरकी ओढतात, तीच ही. छेद नाही. सगळ्या वारंवारतांची बेरीज १२० यायलाच हवी, ही तिची तपासणी. आता ४५ ला १२० ने भागा. ०.३७५ आलं, म्हणजे शंभरांत साडेसदतीस. ही सापेक्ष वारंवारता. हिला एकक नाही आणि ही कधी एकाच्या वर जात नाही. आता त्याच ४५ ला १५ मिनिटांनी भागा. मिनिटाला तीन रिक्षा. इथे आपण विज्ञानाच्या पुस्तकाच्या उंबऱ्यावर आलो. मोजणी एकच, उत्तरं तीन, तिन्ही खरी. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा लगेच मिनिटाचे सेकंद करून '०.०५ हर्ट्झ' लिहील. त्याला तिथे थांबवा. का, ते पुढे सांगतो.

आता अण्णांचे पन्नास. त्यांच्या आग्रहामागे आयुष्यभराची नोकरी आहे, तेव्हा त्यांना नीट मान द्यायला हवा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. ती जिथे तयार होते तिथलं दोन ध्रुवांचं जनित्र मिनिटाला बरोबर ३००० फेरे घेत असतं, आणि ३००० भागिले ६० म्हणजे ५०. सगळ्यांनी एकदम एसी लावले की त्या फिरणाऱ्या यंत्रांवर भार येतो, त्यांचा वेग किंचित मंदावतो, आणि फ्रिक्वेन्सी खाली सरकते. मागणी अचानक घटली की वर जाते. म्हणजे हा एक आकडा पाहून देशात या क्षणी विजेची चणचण आहे की सुकाळ, ते कळतं. ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, नियमांत ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. महाराष्ट्रासाठी हा समतोल जिथून सांभाळला जातो ते राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुमच्या ऐरोलीतच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून मुख्य भूमीवरचं सगळं जाळं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर आणि चेन्नईतल्या कारखान्यातली मोटर एकाच ठोक्यावर. अण्णांना 'बाकी सगळं पुस्तकी' वाटतं ते यामुळे. या आकड्याकडे ज्याने रात्रपाळीत डोळे लावून पाहिलंय त्याला टक्क्यातली फ्रिक्वेन्सी लुटुपुटूची वाटणारच.

पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: एका सेकंदात मोजली तर आवर्तनं ४९ येतील किंवा ५०, मग पडद्यावर ४९.९७ कुठून येतं? उत्तर त्यांना येत असणार. एक तर शंभर सेकंद मोजत बसायचं, म्हणजे ४९९७ आवर्तनं मिळतील. नाहीतर एका आवर्तनाला किती वेळ लागला तो अगदी बारकाईने मोजायचा, साधारण २० मिलिसेकंद, आणि त्याचा व्यस्त घ्यायचा. भौतिकशास्त्रातली फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा अशी कालावधीच्या दारातून येते. मोजणीचा वेळ जितका कमी, तितकी फ्रिक्वेन्सी धूसर. ही उपकरणाची कमजोरी नव्हे, त्या कल्पनेतच ते आहे.

हर्ट्झ हे नाव त्या मानाने अलीकडचं. हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगात दाखवल्या १८८७-८८ च्या सुमाराला, आणि एककाला त्याचं नाव आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने दिलं १९३० च्या दशकात. जुन्या रेडिओच्या तबकडीवर 'किलोसायकल' लिहिलेलं असायचं. माझ्या मते शिकवायला तेच बरं होतं, कारण काय मोजतोय ते नावातच होतं.

अण्णांच्याच खात्यातल्या इंजिनिअरांची आणखी एक फ्रिक्वेन्सी असते: ३१४. एक आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरी, आणि फेरी कोनात मोजली तर दोन पाय (2π) रेडियन. ५० ला 2π ने गुणलं की ३१४ रेडियन प्रति सेकंद. हिला कोनीय वारंवारिता म्हणतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात मुलं नेमकी इथे घसरतात. गणितात दिलेली ३१४ असते, ती ते हर्ट्झ समजून पुढे जातात आणि उत्तर सहापटीहून जास्त चुकतं. तुमच्या दहावीच्या मुलांना आत्ता याची गरज नाही, पण 'सेकंदात किती' एवढंच पुरत नाही, 'सेकंदात काय किती' हे विचारायची सवय आत्ताच लागली तर पुढे त्रास वाचेल.

लोकलकडे वळू. गंमत म्हणजे लोकलला दोन्ही फ्रिक्वेन्सी आहेत. डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ. पूर्वी मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर धावायच्या, म्हणजे तारेतली फ्रिक्वेन्सी शून्य. आणि दुसरी फ्रिक्वेन्सी तुमच्या मिस्टरांची. 'दहा मिनिटं' हा कालावधी झाला. फ्रिक्वेन्सी ताशी सहा गाड्या. बोलताना सगळेच 'दहा मिनिटांची फ्रिक्वेन्सी' म्हणतात, मीही म्हणतो, त्यावरून घरात कुणाला टोकू नका. पण हिशेबात फरक पडतो. दोन गाड्यांमधलं अंतर चारावरून तीन मिनिटांवर आणलं तर ताशी १५ च्या २० गाड्या होतात. तोच एक मिनिट दहावरून नऊ करताना वाचवला तर सहाच्या पावणेसातही होत नाहीत. मिनिटांत बोलणाऱ्याला दोन्ही सुधारणा सारख्याच वाटतात.

दर्यावर राहणारी माणसं तर पूर्वीपासून कालावधीतच बोलत आली. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात कुणाला विचारा, भरतीची फ्रिक्वेन्सी कुणी सांगणार नाही. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, हे मात्र सगळ्यांच्या अंगात भिनलेलं असतं. भरतीचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ चंद्रामुळे येणाऱ्या या मुख्य घटकाची फ्रिक्वेन्सी तासाला २८.९८४ अंश अशी लिहितात. पुन्हा कोन, पण यावेळी अंशांत आणि तासाला. सूर्यामुळे येणारा घटक बरोबर १२ तासांचा, म्हणजे तासाला ३० अंश. दोन्ही घटक जवळजवळ सारख्या चालीचे, पण सारखे नाहीत. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज जसा झुलतो, तशी ही जोडी पावणेपंधरा दिवसांनी झुलते: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पुस्तकातला 'विस्पंद' हा धडा ठाण्याच्या खाडीत महिन्यातून दोनदा घडतो. तुमच्या क्लासमध्ये कोळीवाड्यातलं एखादं मूल असेल तर हा भाग त्यालाच सांगू द्या.

आता त्या ०.०५ हर्ट्झवाल्या मुलाला थांबवायचं कारण. रिक्षा ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी तीन लागोपाठ, कधी दोन मिनिटं एकही नाही. हर्ट्झ हे एकक नियमित आवर्तनांसाठी राखून ठेवलंय. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, सेकंदाला किती अणू विघटन पावले ते मोजतात. तिथेही छेदात सेकंदच आहे. पण विघटन कधी होईल याला ताल नाही, म्हणून त्या एककाला बेकेरेल असं वेगळं नाव १९७५ मध्ये दिलं गेलं. गणिती रूप तंतोतंत तेच, 'एक भागिले सेकंद'. तरी अदलाबदल करायची नाही, असा आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा स्पष्ट दंडक आहे. मला हा नियम फार आवडतो. ताल आहे की नाही हे आकड्यातून कळत नाही, ते निदान नावातून कळावं.

आणि ते आकड्यातून कळत नाही याचा फटका प्रवाशाला बसतो. समजा ताशी सहा गाड्या आहेत, पण दहा-दहा मिनिटांनी येण्याऐवजी पाच, पंधरा, पाच, पंधरा अशा येतात. फ्रिक्वेन्सी तीच, ताशी सहा. स्टेशनवर कधीही येणाऱ्या माणसाला सरासरी किती थांबावं लागेल? समान अंतर असतं तर पाच मिनिटं, आता सव्वासहा, कारण माणूस स्टेशनात शिरतो तो बहुतेकदा मोठ्या फटीतच. मिस्टरांना हा हिशेब दाखवा, त्यांना तो आवडेल.

ताल नसलेल्या घटनांच्या फ्रिक्वेन्सीतच आपल्याला सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार येतो, आणि ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्याने तो समजून घ्यायलाच हवा. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस.' २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून असली भाषा आपल्या कानांवर वारंवार पडते. जलशास्त्रात याला पूर-वारंवारतेचं विश्लेषण म्हणतात, आणि 'शंभर वर्षांतून एकदा' याचा तिथला अर्थ एवढाच: दर वर्षी ती पातळी ओलांडली जाण्याची शक्यता शंभरात एक. मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी, असं मुळीच नाही. घराचं कर्ज २० वर्षांचं असेल तर त्या २० वर्षांत असा पूर निदान एकदा तरी पाहायला लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. पुऱ्या शंभर वर्षांतही ती १०० टक्के होत नाही, ६३ च्या आसपास राहते. तळमजल्यावर फ्लॅट घेणाऱ्याला 'शंभर वर्षांतून एकदा' असं सांगणं आणि '२० वर्षांत १८ टक्के' असं सांगणं, गणित एकच, पण पहिल्याने तो निर्धास्त झोपतो. मला तर हा शब्दप्रयोगच मोडीत काढावासा वाटतो.

शिवाय ही वारंवारता जुन्या नोंदींवरून काढलेली असते. नोंदी झाल्या तेव्हा जिथे खाजण होतं तिथे आता काँक्रीट असेल, तर पाऊस तितकाच पडूनही पाणी तितकंच साचत नाही. नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. सिडकोने शहर वसवताना धारण तलाव ठेवले: भरतीला खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. म्हणजे तिथे नुसत्या पावसाची वारंवारता पाहून भागत नाही. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी यायची वारंवारता पाहावी लागते. एक बेताल, दुसरी पक्क्या तालातली, आणि दोन्ही मिळून शहराचं नशीब ठरवतात.

यातूनच संख्याशास्त्रज्ञांचं एक जुनं भांडण निघतं, त्याला फक्त स्पर्श करतो. संभाव्यता म्हणजे दीर्घ काळातली सापेक्ष वारंवारता, असं एक घराणं मानतं. नाणं हजारो वेळा उडवा, छापा निम्म्याच्या जवळ येत जाईल. दुसरं घराणं विचारतं, जी गोष्ट एकदाच घडायची तिची वारंवारता कशी काढणार? उद्या पाऊस पडेल का, हा 'उद्या' काही हजार वेळा येत नाही. ते संभाव्यतेला आपल्या खात्रीचं माप म्हणतात. तुमच्या दहावीच्या मुलांना पहिलं घराणं पुरे.

काळ छेदात नसलेल्या फ्रिक्वेन्सी आता पटकन. रसायनशास्त्रात मुलं अवरक्त वर्णपट काढतील तेव्हा 'कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजन जोडीची) स्ट्रेचिंग फ्रिक्वेन्सी १७००' असं ऐकतील. हे हर्ट्झ नव्हेत, एका सेंटीमीटरात १७०० लहरी. प्रकाशाच्या वेगाने गुणलं की सेकंदाला सुमारे ५१ लाख कोटी आवर्तनं होतात, आणि एवढी शून्यं रोज कोण लिहीत बसणार? भाषेचा अभ्यास करणारे एखादा शब्द दर दहा लाख शब्दांत किती वेळा येतो ते पाहतात. शोधयंत्रंही एखाद्या पानावर शब्द किती वेळा आला ते मोजतात, पण सगळ्याच पानांवर असलेल्या शब्दाला किंमत देत नाहीत, नाहीतर 'आहे' आणि 'आणि' यांनीच बाजी मारली असती. हे दुसरं वजन कसं काढायचं ते १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं. डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'फ्रिक्वेन्सी' लिहिलेलं असेल तर बहुधा लघवीला वारंवार जावं लागण्याची तक्रार आहे. तिथे आकडाही नसतो, ते लक्षणाचं नाव आहे. आणि औषधाच्या डब्यातल्या पत्रकात दुष्परिणामांपुढे 'सामान्य', 'दुर्मीळ' छापलेलं असतं त्यालाही ठरलेली मापं आहेत: सामान्य म्हणजे शंभरात एक ते दहात एक, दुर्मीळ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. अण्णा गोळ्या घेत असतील तर हे त्यांना सांगा. 'सामान्य' वाचून माणसं उगीच घाबरतात, प्रत्येकालाच होणार असं समजतात.

मुलीच्या विषयाला मी शेवटी मुद्दाम ठेवलं, कारण जीवशास्त्रात एकाच वर्गात तीन-तीन फ्रिक्वेन्सी नांदतात. आपल्याच गावाचं उदाहरण घेऊ. 'बॉम्बे' रक्तगट डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवला. या माणसांच्या रक्तपेशींवर 'एच' नावाचा घटकच नसतो. साध्या तपासणीत ती 'ओ' गटाची वाटतात, पण त्यांना 'ओ' गटाचं रक्त चालत नाही. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक, असं मानलं जातं. ही झाली लक्षणाची वारंवारता, छेदात माणसं. पण हा गुण तेव्हाच दिसतो जेव्हा आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून जनुकाचं तेच दुर्मीळ रूप येतं. एका बाजूने ते यायची शक्यता जितकी, तिचा वर्ग म्हणजे दहा हजारांत एक. वर्गमूळ काढा: शंभरात एक. ही जनुकाच्या त्या रूपाची वारंवारता, आणि तिच्या छेदात माणसं नाहीत, जनुकाच्या प्रती आहेत, माणशी दोन. आता ज्यांच्याकडे एकच प्रत आहे ते वाहक किती? दोन गुणिले ०.९९ गुणिले ०.०१, म्हणजे सुमारे दोन टक्के, पन्नासात एक. दहा हजारांत एक, शंभरात एक, पन्नासात एक, तिन्हींना जीवशास्त्रज्ञ फ्रिक्वेन्सीच म्हणतात. हा हिशेब १९०८ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडला: जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग आणि गणिती जी. एच. हार्डी. हो, रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे तेच हार्डी.

त्यात एक अट आहे: लग्नं जनुक न पाहता, कुणाचंही कुणाशीही झाल्यासारखी व्हायला हवीत. आपल्याकडे ती जातीत आणि काही ठिकाणी नात्यातही होतात. त्यामुळे जनुकाच्या त्या रूपाची वारंवारता तीच राहूनही दोन प्रती एकत्र यायची वारंवारता वाढते. मुलीला हे आत्ता कळलं तर दुसऱ्या वर्षी आनुवंशिकी सोपी जाईल.

राहिल्या येऊरच्या चौकटी. तिथे फ्रिक्वेन्सी म्हणजे शंभर चौकटींपैकी किती चौकटींत ती वनस्पती हजर होती. वीसपैकी बारा, ६० टक्के. किती रोपं होती याच्याशी तिचं देणंघेणं नाही, एक असो की तीस, हजेरी एकच लागते. रोपांचा हिशेब घनतेत येतो: ९० भागिले २० चौकटी, चौकटीला ४.५. आणि फक्त सापडलेल्या चौकटी धरल्या तर ९० भागिले १२, ७.५, तिला विपुलता म्हणतात. तीन आकडे का लागतात ते टाकळ्यावरूनच कळतं. पहिल्या पावसानंतर तो झुंडीने उगवतो. एका कोपऱ्यात रान माजलेलं आणि बाकी जागा मोकळी असली तर घनता भरपूर दिसेल, फ्रिक्वेन्सी मात्र कमी. तेवढीच रोपं सगळीकडे विखुरलेली असतील तर घनता तीच आणि फ्रिक्वेन्सी चढलेली. रोपं किती हे एक सांगतं, ती पसरली कशी हे दुसरं सांगतं.

तेव्हा गुण मागायला जाऊ नये. '६० प्रति चौरस मीटर' म्हणजे २० चौकटींत १२०० रोपं झाली, आणि तिनेच वर ९० लिहिलीयत. मॅडमनी दोनच कापले. वही घेऊन जायचंच असेल तर आधी एक पाहून घ्यावं: तक्त्याच्या वर चौकटीचा आकार लिहिलाय का? चौकट मोठी घेतली की तिच्यात काही ना काही सापडणारच आणि ही फ्रिक्वेन्सी आपोआप वाढते, म्हणून आकाराशिवाय ६० टक्क्यांना अर्थ नाही. लिहिला नसेल तर मॅडमच्या समोर वही न उघडलेलीच बरी, आणखी एक गुण जायचा.